थोरली-धाकटीचा पिंजरा

३ मार्च, सोमवार

पिंजरा परत! दुकानातल्या मुलीने हसू दाबलं; पण दाबलेलं हसू दिसतंच.

चूक माझीच. पिंजरा म्हटलं की मला शाळेतल्या कवितेतला पिंजरा दिसतो. उंच, घुमटाचा, वर कडी. काल तसाच उचलून आणला. आमच्या दोन्ही गिनीपिग, थोरली आणि धाकटी, आत जाऊन कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या. वरचे दोन मजले रिकामे!

"आजोबा, या चढत नाहीत, धावतात. उंची काय कामाची? जमीन हवी. दोघींना निदान चार फूट बाय दोन. आणि तळाला जाळी नको हं, पाय सोलतात."

कुरकुर न करता परत घेतला, वर सुक्या गवताची पिशवी हातात दिली. पोरीचं भलं होवो.

४ मार्च

हॉस्पिटलात हिला सांगितलं. हसली — खुबा मोडल्यापासून पहिल्यांदा. "अहो, पोपट आणायला गेला होतात का?" तेवढ्यासाठी आणखी दहा चुकीचे पिंजरे आणीन.

जुना पिंजरा मात्र आता नकोच. जमिनीवर असायचा. तोच साफ करायला ही वाकली आणि सांडलेल्या पाण्यावरून घसरली. डॉक्टरांनी बजावलंय, वाकणं कायमचं बंद. म्हणजे नवा पिंजरा उंचावर हवा.

किती उंचावर?

६ मार्च

व्यायाम घेणाऱ्या बाईंना विचारलं, ही उभी राहील ना? "काका, आधी खुर्चीत नीट बसू दे त्यांना. घरी चाकाच्या खुर्चीतूनच जातील. पुढचं पुढे."

पुढचं पुढे! म्हणजे पुढे काहीतरी आहे. घरी येईपर्यंत तेच घोळवत आलो.

७ मार्च

सापडलं! हिचं कापणीचं टेबल. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, छत्तीस इंच उंच. हिच्या कमरेला बेतून केलेलं. पस्तीस वर्षं त्याच्यापुढे उभी राहून हिने अख्ख्या गल्लीचे कपडे बेतले. आता चार फूट पिंजऱ्याला, दोन फूट हिच्या कात्रीला. उभी राहील, कापड कापील, मधूनच त्या दोघींना काकडीची फोड देईल.

खणात हिचा चपटा पांढरा खडू सापडला. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने खालच्या चिंध्या झाडून टाकल्या होत्या. त्यात एका नवरीची बाही निघाली! तेव्हा हिने मला कचऱ्याच्या डब्यापाशी उभं करून शिकवलं, "खडूची खूण बघायची. खूण असते तो तुकडा परत जोडायचा असतो. खूण नाही ती चिंधी." शाळेतल्या कवितांनंतर एवढा एकच धडा मला तोंडपाठ आहे.

९ मार्च, रविवार

खालच्या मजल्यावरचे सुतार सकाळी आले ते जेवणवेळेपर्यंत राबले. चारी बाजूंनी फूटभर उंचीच्या फळ्या, गवत सांडू नये म्हणून. वर जाळीचं झाकण. तळाला गुळगुळीत पत्रा, त्यावर हिच्याच गाठोड्यातल्या मऊ फलाटीन कापडाच्या घड्या.

मग करवत काढली. "काका, काकू खुर्चीत बसून येणार ना? टेबल दहा इंच खाली आणू या."

मी नको म्हणालो. ते उभं राहायचं टेबल आहे!

"काकूंना विचारलंत?"

"तिला काय विचारायचं?"

"बघा बुवा. टेबल तुमचं, काकू तुमच्या." मजुरीचं नाव काढू दिलं नाही. काकूंनी माझ्या मुलीचा पहिला फ्रॉक शिवलाय, म्हणे. असे शेजारी मिळायला मी काय पुण्य केलं होतं, कळत नाही.

११ मार्च

फोनवर हिला दोन ओळी ऐकवल्या — 'चार फूट लांबी, दोन फूट रुंदी, दोघी बहिणी त्यात आनंदी आनंदी.' म्हणाली, "नर्सबाई शेजारीच आहेत हो, जरा हळू." पण हिचा आवाज ऐकून पिंजऱ्यातून वीऽक वीऽक सुरू झालं, ते हिने दोनदा ऐकवायला लावलं.

१४ मार्च, शुक्रवार

आली! घर भरलं.

दारातून आवाज आला आणि दोघींनी शिट्ट्यांनी खोली डोक्यावर घेतली. मी खुर्ची ढकलत टेबलापाशी नेली. हिने मान वर केली. हिच्यासमोर फळीच फळी. उंचीने ही मुळात बेताची, त्यात खुर्चीत मुटकुळं करून बसलेली. हात वर केला, तो काठापर्यंत पोचला. आत जाईना.

"छान केलंय," म्हणाली.

हिचं 'छान' मी ओळखतो. बिघडलेल्या शिवणीला ही 'छान' म्हणते.

दुसऱ्यांदाही मी पिंजरा कवितेतूनच आणला.

१५ मार्च

सुतारांना बोलावलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गुरुजी कविता म्हणून घेताना टेबलावर पट्टीने ताल धरायचे, तशी करवत चालली होती. ही मात्र टक लावून बघत होती. एकदाच बोलली, "सरळ कापा हो."

मग खुर्ची थेट टेबलाखाली गेली. झाकण उघडलं, हात आत. थोरलीने बोटं हुंगली. धाकटीने काकडी ओढून नेली आणि ही लहान मुलीसारखी हसली. मला आणखी काय हवं? काही नाही. खरंच काही नाही.

दहा-दहा इंचांचे चार तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेत. उद्या येऊन नेतो म्हणाले, कशालातरी होतील.

१६ मार्च, रविवार

सुतार आले. तुकडे उचलायला गेलो. चारही तुकड्यांवर हिच्या पांढऱ्या खडूची खूण. एक, दोन, तीन, चार.

वाकून टेबलाचे पाय पाहिले. तिथेही.

सुतारांना चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.