तिचंही तेच

नार्वे, डिचोली
९ ऑगस्ट २०२४

चि. क्षमा हिला काकाचे आशीर्वाद.

काल काकीचं बारावं झालं. पाऊस असूनही माणसं बरीच आली. तुला तिकडून येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. आमचा गौरेश उद्या वास्कोला कामावर जाईल. चल म्हणतो, पण मी इथेच राहणार. शेजारची पद्मावती दोन वेळा जेवण आणून देते.

फोनवर तू म्हणालीस की तुझ्या त्या लेखाचा पुढच्या महिन्यात गौरव होणार आहे, शेकडो अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला, नवरा-बायकोंना सल्ला देणारेही तो वापरतात. आणि त्या दिवशीचं भाषण तू काकीच्या आठवणीला वाहणार आहेस. मी "बरं" म्हटलं. पण ते बरं नाही, म्हणून हे पत्र.

लेखात नावं नसली तरी खाणीवर कारकुनी केलेला तो नवरा मीच. त्यातलं इंग्रजी तू मला मराठीत सांगितलं होतंस : हे जोडपं फार कमी बोलतं, पण त्यांच्यात दुरावा नाही, ती शांतता हीच त्यांची जवळीक आहे. मला ते फार आवडलं. गौरेशकडून छापील प्रत मागवून घेतली. आमच्या संसारावर विद्यापीठात शिकवतात, असं देवळात चारचौघांना सांगितलंसुद्धा.

काकी गेली त्या आठवड्यातली गोष्ट. बायका बाहेर सोप्यावर बसल्या होत्या, मी आतल्या खोलीत होतो. पद्मावती सांगत होती, "चार गजाली मारल्याशिवाय तिच्या घशाखाली पेज उतरत नाय होती. म्हणायची, आमच्या घरात फकत कुकर बोलता."

सगळ्या हसल्या. मी दारात आलो तशा गप्प झाल्या.

नंतर मी पद्मावतीला विचारलं. मी बाजारात गेलो की जानकी, तुझी काकी, तिच्याकडे जायची म्हणे. बसच्या कंडक्टरची, भटजींची, माझीसुद्धा नक्कल करायची. मी कसा घसा खाकरून पेपर उलटतो, ते पद्मावतीने मला करून दाखवलं. अगदी तसंच होतं.

"मग माझ्याशी का नाही बोलायची?"

"भावजी," ती म्हणाली, "ती बोलाक लागली की तुमी रेडिओ मोठो करत होतास."

करत होतो. मला वाटायचं, तिलाही बातम्या ऐकायच्या असतात.

एवढंच असतं तर तुला लिहिलं नसतं. शेवटच्या महिन्यात काकी अंथरुणाला खिळली, तेव्हा पद्मावती रोज दुपारी यायची. मी तिला दारातूनच परत पाठवायचो. "तिला शांतता लागते," म्हणायचो. काही दिवसांनी ती यायची थांबली. जानकी विचारायची, "पद्मा नाय आली?" मी सांगायचो, तिच्याकडे भातलावणीची घाई आहे. मला खरंच वाटत होतं की मी तिला हवं तेच देतोय. ते छापून आलेलं माझ्या कपाटात होतं ना!

आता त्याच दारातून पद्मावती माझं ताट आणते. त्याबद्दल एक अक्षर काढत नाही.

यात तुझा दोष नाही. तुला ते मीच सांगितलं होतं. तू मुलाखत घ्यायला आलीस तो दिवस आठव. माझं झाल्यावर तू तिच्याकडे वळून विचारलंस, "काकी, तुझं काय?" तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तिने तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "तिचंही तेच." तू ते लिहून घेतलंस. ती हसली आणि आत गेली. मीही तेव्हा हसलो होतो.

म्हणून सांगतो, ते भाषण तिच्या नावाने करू नकोस. करायचंच असेल तर या घरात दोघांना विचारलं होतं आणि उत्तर एकानेच दिलं, हे त्यात सांग. त्याने तुझ्या नावाला किती धक्का लागेल, मला कळत नाही. लागला तर तो माझ्यामुळे, हे मी कोणापुढेही सांगेन. पण तो लेख वाचून आणखी कोणी दारातून माणसं परत पाठवू नयेत.

आणि एक काम कर. त्या दिवशी तू टेबलावर रेकॉर्डर ठेवला होतास. मी "तिचंही तेच" म्हणायच्या आधी तिने काहीतरी सुरू केलं होतं. एखादा शब्द असेल, दोन असतील. मी खूप आठवून पाहिलं. तिचे ओठ दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. तुझ्याकडे ते अजून असेल तर गौरेशच्या फोनवर पाठव.

ऐकताना पद्मावतीलाही बोलावीन. तिला पुढचं वाक्य कदाचित ठाऊक असेल.

प्रकृतीला जप. उत्तर सावकाश दे, पण तुझं तूच दे.

तुझा,
सगुणकाका