लाट मध्ये येईपर्यंत

६ जुलै
भाईच्या खोलीतला पंखा पुसला. वर्षभर कुणी लावला नाही, तरी पात्यांवर धूळ बसतेच. अम्मी खालून ओरडली, "कोण बसणार हाय तिथं?" कुणी नाही म्हटलं. पण पुसून घेतला.
दुपारी मुली शिकवणीला आल्या. आता नूह नबींचा किस्सा आलाय. एक-दोन दिवस टाळता येईल.

८ जुलै
टाळला नाही, सांगितला. जहाज, जोडीजोडीनं चढलेली जनावरं, मग पाणी. बुडालेल्यांपाशी, जहाजात न चढलेल्या नबींच्या मुलापाशी आले आणि आवाज बारीक झाला माझा. शेजारची रुकसाना म्हणाली, "मग मासे लई चांगले होते का? त्यास्नी काय झालं न्हाई." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.
हा किस्सा मला अब्बांनीच शिकवला. शाळेत जायच्याही आधी, दुकानात, शिलाई मशीनशेजारी बसवून. ट्रॅक्टरची सीट कव्हरं शिवता शिवता ते सांगायचे. तेव्हा मला एवढीच काळजी, हत्ती चढला कसा? बुडणारी माणसं दिसायचीच नाहीत. तसं ऐकणं पुन्हा मिळावं. मशीनची टकटक, रेक्झिनचा वास, आणि वर बसलेला अल्लाह, ज्याला माझं नाव ठाऊक आहे.

१० जुलै
लिहून टाकते, म्हणजे मनात फिरायचं थांबेल.
ह्याच किस्स्यावरून भाई गेला. जेवताना म्हणाला, तान्ह्या पोरांसकट गाव बुडवणाऱ्यापुढं मला वाकता येत नाही. भांडायच्या सुरात नाही, भाकरी मोडता मोडता. अब्बांनी ताट सरकवलं. किस्स्यातल्या त्या बुडालेल्या मुलाबद्दलचेच शब्द काढले. "तू माझ्या घरचा न्हाईस." भाईनं ताट संपवलं, धुऊन ठेवलं, आणि गेला. शिरोळला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये आहे. घरात त्याचं नाव निघत नाही. मीसुद्धा इथं भाईच लिहिते.
तो गेला, पण प्रश्न माझ्याकडे राहिला. रोज पाच वेळा त्याच्यावरून पाय टाकून पुढे जाते. विचारणं गुन्हा असेल तर मी तरी कुणाच्या घरची?
आज नमाजआधी हात-तोंड धुऊन वुजू केला, तोही दोनदा. पहिल्या वेळी मन जागेवर नव्हतं.

१५ जुलै
भाईचा फोन. अब्बांचा गुडघा कसा आहे, अम्मी गोळ्या घेते का. मी विचारलं, नमाज पढतोस का कधी? म्हणाला, "बहिणी आधी जेवलास का विचारतात." विचारलं. जेवला होता.
माशांचं सांगितलं तर इतका हसला की मागून वर्कशॉपमधलं कुणीतरी त्याला काय झालं विचारायला लागलं. रुकसानाला माझ्याकडून चॉकलेट दे म्हणाला.
फोन ठेवल्यावरही कानाला धरून बसले होते. त्याचं हसणं जिन्यावरून ऐकू यायचं पूर्वी. आता—

१७ जुलै
अब्बांना विचारलं. मुलींच्या नावावर घातलं, खोटंच झालं ते. मुली विचारतात, किताबेत इतकी शिक्षा, इतकं मरण कशाला?
अब्बा म्हणाले, "रस्त्यावर गतिरोधक का असतोय? भ्या नसलं की माणूस सुसाट सुटतोय."
अम्मी भाकरी थापत म्हणाली, "तुमच्या गतिरोधकानं घरातलाच उडाला की."
अब्बा उठून गेले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२२ जुलै
पाऊस थांबायला तयार नाही. पंचगंगा पात्राबाहेर आली. डबा घेऊन दुकानात गेले तर आत एक गिऱ्हाईक, शिरोळच्या अंगाचं. अब्बा मशीन थांबवून विचारत होते, "पावणं, शिरोळात पाणी कुठवर आलंय? वर्कशॉपा हायत त्या बाजूला?" त्यांनी सांगितलं, उसात शिरलंय, गावात यायला वेळ लागणार नाही. अब्बांनी त्यांना चहा पाजला. गेल्यावर पुन्हा बोलवून तेच विचारलं.
मला पाहिलं तेव्हा खाली वाकून दोरा शोधायला लागले.

२५ जुलै
सकाळपासून भाईचा फोन लागत नाही. शिरोळची लाइट गेलीय, रेंजही गेलीय म्हणतात. अम्मीनं चूल लावली आणि विसरली.
किताब काढली. मनात होतं, आता देवाशी भांडावं. भ्यायले, तरी ओळीवर बोट ठेवून अर्थ वाचत गेले, अब्बांनी शिकवलं तसं. आणि थांबले. "तो तुझ्या घरचा नाही" हे नूह नबींचे, बापाचे शब्दच नाहीत. ते वरून, अल्लाहकडून आलेत. बाप काय म्हणतोय ते मी इतकी वर्षं पटपट वाचून पुढे जात होते.

२६ जुलै
पहाटे फजरच्या नमाजनंतर अब्बांना म्हटलं. 
"अब्बा, ते शब्द बापाचे न्हाईत."
"म्हाईत हाय मला. मीच शिकवलंय तुला."
"बापानं हाक मारली. आमच्यासंगं जहाजात बस म्हणाला. लाट मध्ये येईपर्यंत. आणि पोरगा गेल्यावरसुद्धा म्हणाला, माझ्या घरचाच होता."
"त्यावर अल्लाहनं त्याला दटावलं की."
"दटावलं. पण त्याचं बोलणं पुसून नाही टाकलं. किताबेत राहू दिलंय."
अब्बांनी जानमाजची, नमाजाच्या चटईची, कड बोटानं सरळ केली. मग म्हणाले, "लाव फोन."
लागला नाही. "परत लाव."

२७ जुलै
अब्बा सकाळी निघाले. गिऱ्हाइकाच्या टेम्पोतून, रस्ता आहे तिथवर. अम्मीनं विचारलं, भेटला तर काय बोलणार? म्हणाले, "बोलायचं काय त्यात."
मी नमाजला उभी राहिले. तान्ही पोरं का बुडवली, हे मला अजून कळलेलं नाही. तसंच म्हणून टाकलं. पुढचं तूच बघ म्हटलं, आणि भाईला मागितलं.
संध्याकाळी अब्बांचा फोन आला. पाण्याच्या अलीकडे उभे आहेत, नावांतून माणसं आणतायत, त्यात अजून दिसला नाही. एवढं सांगून फोन बंद करायचा राहिला त्यांच्याकडून. मी आणि अम्मी कान लावून बसलो. इंजिनाचा आवाज, गलका, कुणाची तरी शेरडं ओरडत होती. नाव काठाला लागली असावी. मग अब्बांचा आवाज आला, दुकानात कधी चढला नसेल एवढा मोठा. "इरफान." थोडं थांबून पुन्हा, "इरफान."
मग रेंज गेली.