गाडी नसलेल्याचा विमा

३ मार्च, सोमवार
बंदी संपायला महिना राहिला. आज ठरवलं: बंदी उठली की सुमनला ट्रीटमेंटला मीच नेणार. स्वतः ड्राइव्ह करून. सध्या समोरची नीना नेते. भली बाई आहे, पण ब्रेक फार दाबते.

बंदीबद्दल एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. कौन्सिलने तीसच्या स्पीड लिमिटचा रस्ता गुपचूप वीसचा केला. चारही वेळा कॅमेऱ्याने पकडलं, पोलिसाने नाही. पोलीस असता तर त्याने आधी माझं ड्रायव्हिंग बघितलं असतं. दंडाचे बारा पॉइंट्स झाले, सहा महिने लायसन्स गेलं. गाडी मी पहिल्याच आठवड्यात विकून टाकली. दारात नुसत्या उभ्या गाडीचा टॅक्स कोण भरणार? या बाबतीत मी नेहमी चार पावलं पुढे असतो.

६ मार्च, गुरुवार
सुमन नीनाबरोबर गेली. निघताना म्हणाली, "अहो, तुम्हीही चला ना. मागे जागा आहे." मला मागच्या सीटवर मळमळतं. शिवाय इन्शुरन्सचे फोन करायचे होते.

प्लॅन असा: नीनाची गाडी मागायची. पण तिच्या पॉलिसीत मी नाही, म्हणजे मला माझं स्वतःचं कव्हर हवं. निदान थर्ड पार्टी. माझ्या हातून कुणाचं नुकसान झालंच तर कंपनी भरेल. होणार नाही, पण कायदा आहे. फोन केले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, गाडीचा नंबर काय? म्हटलं, गाडी नाही. एक मुलगी म्हणाली, मग विमा कशाचा? म्हटलं, माझा. तिने बराच वेळ म्युझिक ऐकवलं आणि मग लाइनच गेली.

संध्याकाळी सुमन जेवली नाही. हॉस्पिटलात काहीतरी खाल्लं असेल.

१२ मार्च
ब्रिस्टलहून तनूचा फोन. म्हणाली, "बाबा, केमोच्या वेळी तुम्ही आईच्या जवळ बसला पाहिजे. बस जातो ना तिथे." तनूला मोठमोठे शब्द वापरायची सवय आहे, आम्ही घरात ट्रीटमेंट म्हणतो. सांगितलं, आजारी बायकोला बसने नेणारा नवरा मी नाही. म्हणाली, मग नीनामावशीबरोबर जा. म्हटलं, बस जाते, जातो नाही.

फोन लवकर संपला.

२० मार्च, गुरुवार
नीनाने स्वतःहून तिच्या कंपनीला विचारलं, पॉलिसीत माझं नाव घालता येईल का. बंदीचं ऐकून त्यांनी तिचा प्रीमियम जवळपास तिप्पट सांगितला. तिप्पट. रोज सिग्नल तोडणारी पोरं मोकाट फिरतात.

नीना म्हणाली, "राहू द्या हो. नेण्याचं काय, मी नेतेच आहे. तुम्ही फक्त आत येऊन बसा. ती दर थोड्या वेळाने दाराकडे बघत असते."

म्हटलं, वॉर्डात कुणाला बसू देत नसतील. म्हणाली, देतात. नीनाला नियम नीट माहीत नसावेत. सुमन दाराकडे बघते ती नर्ससाठी.

४ एप्रिल
बंदी संपली! लायसन्सही आलं. सुमनला नेऊन दाखवलं. तिने दोन्ही हातांत धरून बघितलं, "छान" म्हणाली आणि डोळे मिटले. फोटो जुना आहे, त्यामुळे असेल.

आता फक्त इन्शुरन्स.

८ एप्रिल
अखेर माणूस भेटला. साकेत. आमच्यासारख्यांसाठीच ब्रोकर आहे. मराठी आहे, मला सर म्हणतो. त्याने नीट समजावलं: उसन्या गाडीवर एका दिवसाचं कव्हर मिळू शकतं, पण बंदी ताजी असली की कंपनीतला कुणीतरी फाइल हाताने तपासतो. वेळ लागतो. विचारलं, "सर, कधीसाठी हवं होतं?" म्हटलं, गुरुवारसाठी. म्हणाला, कुठल्या? म्हटलं, कुठल्याही.

सुमनला सांगितलं, फार तर दोन-तीन आठवडे. ती म्हणाली, "बरं."

१७ एप्रिल, गुरुवार
उत्तम बातमी. आज दोघी डॉक्टरांकडे गेल्या आणि लवकरच परत आल्या. सुमन म्हणाली, "आता पुढची ट्रीटमेंट नाही. बंद केली." विचारलं, म्हणजे गरज नाही? तिने कोट काढून खुर्चीवर ठेवला. मग म्हणाली, "नाही. गरज नाही."

नीना किचनमध्ये जाऊन नळ सोडून नुसतीच उभी राहिली. पाण्याचं मीटर आहे आमच्याकडे. तनूला कळवलं तर ती रडायला लागली. आनंदाने रडतात माणसं.

साकेतला सांगितलं, कव्हर तरीही हवं. हॉस्पिटल नाही तर केंब्रिज. सुमनला नदीकाठी बसायला आवडतं.

२३ एप्रिल
नर्स आता घरी येते, रोज. पलंग खाली फ्रंट रूममध्ये आणला. जिना कशाला चढायचा, हे मी कधीपासून म्हणत होतो. तनू मोठी बॅग घेऊन आली आहे. कधी जाणार म्हटलं तर बॅगेतले कपडे कपाटात लावते. विमानांच्या कंपनीत आहे ती, तिथे सध्या काम कमी असावं.

सुमन सूप दोन चमचे घेते. केंब्रिजला भूक लागेल.

२९ एप्रिल, मंगळवार
साकेतचा फोन. मिळालं! शनिवार, नीनाच्या गाडीवर. तनूला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच कळत नाही का?" म्हटलं, काय? ती वर निघून गेली.

३ मे, शनिवार
नीनाने चावी दिली. गाडी आमच्या दारात आणली. आरसे लावले. सुमनला म्हटलं, चल, ऊन आहे. तिला मान उचलता आली नाही. म्हणाली, "कुठे नको. इथे बसा."

बसलो. तिचा हात हातात घेतला. हात फार हलका होता. म्हटलं, गाडी बघून येतो, पार्किंगचे वॉर्डन येतात शनिवारी. बघून आलो. थोडा बसलो. पुन्हा बघून आलो.

आता गाडीतच बसून लिहितो आहे. तनूने काचेवर टकटक केली. म्हणाली, आई विचारते तुम्हाला. म्हटलं, आलोच, गाडी नीट लावतो.

गाडी नीटच लावलेली आहे.

६ मे, मंगळवार
सुमन शनिवारी दुपारीच गेली. तनू आणि नीना जवळ होत्या. मी दारातच होतो.

आज साकेतचा फोन आला. त्याला काही माहीत नाही. विचारलं, "सर, कशी झाली ट्रिप?" म्हटलं, समोरच्या दारातून आमच्या दारात आणली, तेवढीच.

म्हणाला, "म्हणजे कुठे धक्का लागला नाही ना?"

नाही म्हणालो.