अप्पांचा न आलेला चष्मा

केशवापूर, बुधवार संध्याकाळ

अप्पांनी आज पुन्हा विचारलं, तो चष्मा बाजारात आला का. समोरचा बोलेल ते काचेवर लिहून दाखवणारा. कंपनी काहीच सांगत नाही, नुसत्या वावड्या. पण ऐकू येईनासं झाल्यापासून माझे वडील त्याच आशेवर आहेत. "कन्नड, मराठी दोन्ही कळेल ना त्याला?" म्हणाले, आणि जुना चष्मा सदऱ्याला पुसत बसले.

चहा घेताना थोरला भाऊ, अण्णा, त्यांच्या शेजारी बसूनच मला म्हणाला, "तो येईपर्यंत अप्पा कुठले राहतात." आम्ही असंच बोलतो, त्यांच्यासमोर, मोठ्यानं. अप्पा हसले. चष्मा पुसतच होते.

तो खरंच आला तर?

अण्णाला उत्तर देताना आज माझा आवाज आपोआप खाली आला.