अर्ध्या इंचाची फट

मी, राधाकृष्ण राव, वडील कै. सेतू राव, वय बहात्तर, धंदा घरांत लाकडी जमिनी बसवणे, राहणार कुंभकोणम, हे लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत. पंचेचाळीस वर्षं लोकांच्या घरात रांगलो, त्याचा हा प्रसाद. मला कोणी धाक घातलेला नाही. बायको तीन वर्षं "एकदाचं लिहून टाका" म्हणत होती, पण वकील जयकुमार त्याला दबाव मानत नाहीत. आमची तंजावरकडची मराठी पुण्याच्या माणसाला जुनाट वाटते, तरी कागद मराठीतच केला आहे. वकिलांसाठी तमिळ नक्कल जोडली आहे.

खरं तर हा सगळा खटाटोप चौथ्या कलमासाठी आहे. आधीची तीन उरकून घेतो.

कलम १. राहतं घर पत्नी विशालाक्षी हिला, तिच्या हयातीपर्यंत. तिने ते हवं तसं वापरावं. फक्त शुक्रवारी घर धुताना पाण्याची बादली जिन्याच्या वर नेऊ नये. वर सागवान आहे. चाळीस वर्षं तोंडी सांगितलं, आता कायद्याने सांगतो.

कलम २. तिच्यामागे घर मुलगा सुरेंद्र आणि मुलगी श्रीविद्या यांना समसमान. सुरेंद्र कोइमतूरला लाकडाचं चित्र छापलेल्या प्लॅस्टिकच्या शीट विकतो. धंदा जोरात आहे, विठ्ठल त्याला आणखी देवो. पण तसली शीट या घरात चिकटली, तर त्या दिवसापासून त्याचा हिस्सा बहिणीचा. वकील म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको, त्याने वाचली तरी पुरे.

कलम ३. रंधे, पटाशा, करवती श्रीविद्याला. ती कॉलेजात गणित शिकवते, पण जमिनीवरून अनवाणी गेली की कुठली फळी केसभर वर आहे ते बरोबर सांगते. लेकी, रंध्याला धार लावत राहा. शोभेला भिंतीवर टांगलास तर बघ.

कलम ४. विजयराघव राव माझा जोडीदार होता. मी फळ्या बसवायचो, तो घासून लाखेचं पॉलिश करायचा. गिऱ्हाइकाच्या घरी आम्ही मराठीत कडाकडा भांडायचो आणि तमिळ घरमालकाला वाटायचं, काम जोरात चाललं आहे.

२००६ साली तिरुभुवनमला रेशमी साड्यांचे व्यापारी अनंतकृष्ण यांच्या नव्या घरी दिवाणखाना करायला घेतला. नवी फळी दोन आठवडे खोलीत नुसती पडू द्यावी लागते, तिला त्या घरच्या हवेची सवय व्हावी म्हणून. गृहप्रवेशाचा मुहूर्त तोंडावर आला होता, म्हणून मी तिसऱ्याच दिवशी बसवायला घेतली. शिवाय भिंतीलगत अर्धा इंच फट सोडतात, पावसात लाकूड फुगलं की सरकायला जागा हवी. तीही मी सोडली नाही. घाई होती हे खरं. त्याहून खरं हे की फळी भिंतीला अशी चपखल बसली, की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं. कडेला पट्टी ठोकल्यावर फट कोण बघतो?

दिवाळीच्या पावसात जमीन मधोमध फुगून वर आली. दार उघडेना. अनंतकृष्णांनी आम्हा दोघांना बोलावलं, शेजारपाजारही जमला होता. मी म्हणालो, पॉलिशवाल्याने बसवण्याआधी फळ्या खालच्या अंगाने नीट पॉलिश केल्या नाहीत, म्हणून ओल शिरली. आमची रोजची भांडणं मराठीत. हे मात्र मी तमिळमध्ये म्हणालो, सगळ्यांना कळावं म्हणून. विजयराघवने सामान उचललं आणि तो निघून गेला. पुढे जमिनीचं काम त्याला कोणी दिलं नाही. दारं आणि पाळणे पॉलिश करून त्याने संसार ओढला.

एकोणीस वर्षं झाली. एकादशीला गोविंदपुरम्‌ला भजनात तो मृदंगावर असतो, मी टाळ घेऊन शेजारी. ताल एकदाही चुकलेला नाही आणि बोलणं एकदाही झालेलं नाही.

म्हणून लिहून देतो की चूक माझी होती, त्याची नव्हती, आणि मला तिची लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर हे अनंतकृष्णांच्या त्याच दिवाणखान्यात तमिळमध्ये मोठ्याने सांगितलं जावं. तसंच माझ्या वरच्या खोलीची जमीन तेव्हापासून नव्या पॉलिशवाचून पडून आहे, कारण दुसऱ्या कोणाचा हात मी तिला लागू दिला नाही. ती माझ्या मृत्यूनंतर विजयराघवने पॉलिश करावी, ही विनंती.

एवढं लिहून विशालाक्षीला वाचून दाखवलं. वाटलं, डोळे पुसेल. ती म्हणाली, "मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? त्यालाच साक्षीदार म्हणून बोलवा."

पुढचा मजकूर सहीच्या वेळी लिहिला आहे.

विजयराघव आला, चपला काढून खुर्चीच्या टोकावर बसला. वकील म्हणाले, साक्षीदाराने सही होताना पाहिली की झालं, आतला मजकूर ऐकायची गरज नाही. मी तरीही चौथं कलम वाचलं. दोनदा अडखळलो.

"त्या दिवशी तू यायच्या आधीच मी कडेची पट्टी काढून बघितलं होतं," विजयराघव म्हणाला. "फट नव्हती."

मग तेव्हाच का बोलला नाहीस, असं मी विचारलं.

"तू बोलायचं होतंस."

मग त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही करण्याआधी चौथ्या कलमातले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द दोन्ही ठिकाणी खोडले. समासात त्याने आद्याक्षरं लिहिली, खाली मी लिहिली. वकील म्हणाले, असं केल्यावर या कलमाचं मृत्युपत्रात काही काम उरत नाही. आम्ही दोघांनी ते ऐकलं नाही. सोमवारी तो पॉलिश पेपर घेऊन येतो आहे, खोली रिकामी करून ठेवायला सांगून गेला. त्याआधी उद्या सकाळी नऊच्या बसने आम्ही दोघं तिरुभुवनमला अनंतकृष्णांकडे जात आहोत. तिथे मी बोलणार आहे.

वरील सर्व मला मान्य आहे. खाडाखोडीसकट.

लिहून देणार : राधाकृष्ण राव (सही)

साक्षीदार :
१. विजयराघव राव (सही)
२. जयकुमार, वकील (सही, नाइलाजाने)

स्थळ : कुंभकोणम
दिनांक : १४ मार्च २०२५, शुक्रवार