बाकाला पाठ आणि हात असण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधिकारी साहेब,
उद्यान विभाग, नगरपालिका,
दुसरा मजला (लिफ्ट बंद)

विषय : बागेच्या नव्या आराखड्यातून पाठीचा व हातांचा बाक काढून टाकल्याबाबत, आणि आम्हां रहिवाशांची हजेरीची सही संमती म्हणून लावल्याबाबत.

संदर्भ : बागेच्या फाटकाला तारेने बांधलेली आपली सूचना. तिचा क्रमांक तारेच्या गाठीखाली गेला आहे, म्हणून लिहिता येत नाही.

महोदय,

आपल्या हाताखालचे नकाशे काढणारे साहेब यांची वागणूक बरी नाही, हे प्रथम नमूद करते. माणूस उद्धट नाही. गोड बोलतात, आजी आजी करतात. ऐकताना मान अशी डोलावतात की वाटावे शब्द न् शब्द पोचला, आणि कागद बघावा तर त्यावर त्यांचे आधीच ठरलेले. मी बागेमागच्या गल्लीत चाळीस वर्षे शिवणकाम करते. शाळा तिसरीपर्यंत. पण गिऱ्हाइकाचे माप घेतल्याशिवाय कधी कात्री उचलली नाही. आपल्याकडे आधी कापड कापतात आणि मग माणसाला बोलावतात, असे दिसते.

१. रहिवाशांचे मत घ्यायला सभा ठेवली ती कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, याच दुसऱ्या मजल्यावर. बागेत रोज बसणाऱ्यांतल्या निम्म्यांना जिना चढवत नाही. चढवला असता तर ती मंडळी बाकावर कशाला बसली असती? वर पोचलो आम्ही सहाजणी.

२. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला होता. त्यात बाकांची चार चित्रे, चारही बिनपाठीची, बिनहातांची, नुसते सिमेंटचे ठोकळे. आमच्या हातात हिरव्या टिकल्या देऊन म्हणाले, "आवडेल त्या चित्रावर चिकटवा, आजी." मी म्हटले, "यात आमचा बाक कुठाय?" तर म्हणे, "तुम्ही लावा तर खरं, मी नंतर लिहून घेतो." म्हणून आम्ही साहीजणींनी टिकल्या कडेच्या कोऱ्या जागेत लावल्या. आता सूचनेत छापून आले आहे की ठोकळ्यांच्या विरोधात एकही मत पडले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, चित्राबाहेरची टिकली मोजायची नाही असा नियम आहे. असेल. मग कोरी जागा ठेवली कशाला?

३. चहा येण्याआधी एक वही फिरवली. "हजेरी आहे," म्हणाले. मी सही केली. तेच पान आराखड्याला टाचून वर लिहिले आहे, 'उपस्थित रहिवाशांची संमती'. ही सही मी लग्नानंतर नणंदेकडून शिकले, महिनाभर पाटीवर गिरवून. न विचारता कुठल्याही कागदाला जोडायला ती कुणाला दिलेली नाही. तिथून सोडवून परत द्यावी.

४. आमचे यजमान एकतीस वर्षे बस चालवत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, चालवा, नाहीतर खाटेला खिळतील. घरापासून त्या जुन्या बाकापर्यंत दोनशे चौदा पावले होतात. तिथे बसून दम खातात, मग डाव्या हाताने बाकाचा हात धरतात आणि स्वतः उठतात. मला हात लावू देत नाहीत. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट ते माझ्याशिवाय करतात.

साहेब म्हणाले होते, दवाखान्याजवळच्या बागेत ठोकळे बसवलेत, बघून या, लोक खूश आहेत. म्हणून गाडी करून यजमानांना तिथे नेले. बसले, पण उठता येईना. पुढे झुकावे तर तोल जातो, मागे टेकावे तर मागे काही नाही. शेवटी मी आणि वॉचमनने काखेत हात घालून त्यांना ओढून काढले. शेजारी कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या, त्यांनी बिचाऱ्यांनी तोंड फिरवले. घरी येऊन यजमान म्हणाले, "उद्यापासून नको. मी घरीच बरा." आज नववा दिवस. जुना बाक अजून जागेवर आहे, पण म्हणतात, जाणारच आहे तर सवय कशाला ठेवू. काल पहिल्यांदा डावा पायही जड झाल्याचे सांगितले.

५. असे आखूड ठोकळे का, तर बाकावर कुणी आडवे होऊन झोपू नये. झोपणारा फुटपाथवरही झोपतो. त्याच्यासाठी बसणाऱ्याला उभे ठेवायचे, म्हणजे उंदरासाठी घर पेटवणे झाले.

६. ठेकेदाराचा माणूस सांगून गेला की जुना बाक सोमवारी उपटणार. तरी त्याआधी काम थांबवावे. सभा पुन्हा घ्यावी, आणि ती बागेत, संध्याकाळी पाचला, जिथे आम्ही असतो. बाक कसा हवा तेही सांगते. बैठक जमिनीपासून अठरा इंच, हात बैठकीपासून नऊ इंच वर आणि पुढच्या कडेपर्यंत आलेला. ही मापे मी यजमानांच्या अंगावरून टेपने घेतली आहेत, आणि बाकी पाचजणींच्या घरी जाऊन ताडून बघितली आहेत.

आपल्या उत्तराची नव्हे, सोमवारची धास्ती घेऊन बसलेली,
आपली,
(सही)
शिवणकामवाली, बागेमागची गल्ली
शुक्रवार, दि. ११

सोबत : बाकाच्या बाजूचा खाकी कागदाचा नमुना, पूर्ण मापाचा (घडी घालू नये, माप मोडते). डॉक्टरांची चिठ्ठी. साहीजणींचे पत्र, की आमची हजेरी ही हजेरीच होती.

ता. क. : अर्ज घेऊन आले तर नकाशेवाले साहेब जिन्यातच भेटले. सगळे वाचून म्हणाले, "आजी, एका माणसासाठी आराखडा बदलता येत नाही." त्यावर मी त्यांना जे ऐकवले ते आपल्यालाही कळावे, म्हणून आवकच्या टेबलाशी उभी राहून लिहिते :

"साहेब, तुमच्या नकाशावरून मला एवढंच कळलं, की तुमच्या घरी अजून सगळे आपापले उठतात. देव करो, तसेच उठत राहोत. पण तोवर दुसऱ्याच्या उठण्याबसण्याचे नकाशे काढायला घेऊ नका."