ब्रह्मांड, गॅलरी साइज

१२ एप्रिल २०२४
आजपासून आर्टिस्ट. चितेगावच्या कंपनीतून रिटायर झालो म्हणून मुकुंद संपला, असं कुणी समजू नये. फुटक्या मोबाईलचा स्क्रीन सोलला की मागं पांढऱ्या उजेडाची पातळ पाटी निघते. बॅकलाइट. लोक हे सोनं फेकून देतात! पैठण गेटच्या रिपेअरवाल्याकडून पिशवीभर आणल्या. फार कौतुकानं दिल्या त्यानं. बायकोच्या, कालिंदीच्या मते कौतुक नव्हे, दुकान साफ झाल्याचा आनंद.

१४ एप्रिल
कलाकृतीचं नाव ठरलं: ‘ब्रह्मांड’. कलाकृती बाकी आहे.

२० एप्रिल
पाट्या थेट बारा व्होल्टवर जोडल्या. पेटल्या. दोन्ही अर्थांनी. प्रयोग यशस्वी धरायला हरकत नाही.

२१ एप्रिल
डायनिंग टेबलावर सोल्डरचा डाग. कालिंदीनं अट घातली: बाहेरच्या एका तरी माणसानं बरं म्हटलं तर ठेवा, नाहीतर सगळं भंगारात. एकच माणूस? बायकोला माझा अंदाजच नाही. समोर सहा मजली नवी बिल्डिंग उठलीये, मजल्यामजल्याला बाल्कनी. आयता प्रेक्षक!

४ मे
‘ब्रह्मांड’ गॅलरीत टांगलं. जागा करायला तिथला बल्ब काढला. पाइपलाइनवर पहिलं घर आमचं. नळाला पाणी आलं की आम्ही तो बल्ब लावायचा, तो बघून गल्ली मोटारी लावते. कालिंदीनं याची आठवण करून दिली. म्हटलं, बल्ब आणि कला यातला फरक लोकांना कळतो.

५ मे, संध्याकाळ
उद्घाटन. बटण दाबलं आणि काय सांगू! सगळी गल्ली बाहेर! पोरंटोरं, म्हातारेकोतारे. बादल्या कशाला आणल्या कळलं नाही. माझे डोळे भरून आले.

५ मे, जरा वेळानं
गैरसमज झाला. नळ कोरडा. शेजारच्या सांडूची मोटार रिकामी फिरून जळाली. गेटशी येऊन म्हणाला, काका, लई झालं, खाली उतरवता का मी येऊ वर? मी म्हटलं, मोटार मीच दुरुस्त करून देतो. तर घाईघाईनं घरी गेला. समोरच्या आशाबाई मला चकार शब्द बोलल्या नाहीत. कालिंदीशी बोलल्या, गल्लीभर ऐकू जाईल असं.

७ मे
गल्लीची बैठक. भंगारवाल्याला निरोप गेलेला. पण सांडूच म्हणाला, उजेड लांबून लई झ्याक दिसतो, बल्बापरीस बरा, राहू द्या. बरा म्हणाला! अट पुरी! मी उठून सगळ्यांशी हात मिळवले. त्या गडबडीत पुढचं ऐकायचं राहिलं, ते कालिंदीनं घरी आल्यावर सांगितलं. फक्त नळाला पाणी आलं तरच लावायचं, एरवी नाय. आणि स्विच काकूंच्या हातात. काकू म्हणजे कालिंदी.

१२ मे
पाणी आलं. कालिंदीनं ‘ब्रह्मांड’ लावलं. सगळ्याच्या सगळ्या पाट्या लागल्या म्हणे, एकही बंद नाही. बघायला गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जो तो आत पाणी भरत होता. मीही नाही पाहिलं. बाथरूममध्ये ड्रमात पाइप धरून उभा होतो.